खराब रस्त्यासाठी गाडीचे शॉकअप कसे निवडावेत?



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात वाहतुकीवर बोलत होतो. एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. त्याने विचारलं, "बाई, गाडीला स्प्रिंग असते ना? मग शॉकअप कशाला लागतो?"

मी सांगून टाकलं, "धक्के सोसायला." मुलगा खाली बसला, तास पुढे गेला. उत्तर चूक होतं. ते चूक आहे हे मला पुढे सहा महिन्यांनी गावच्या रस्त्यावर कळलं, तेव्हा मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं आणि सासूबाई बसल्या होत्या. त्यामुळे आज हा विषय जरा सविस्तर लिहिते. सुट्टीत जव्हार, भंडारदरा, कोकण असं गाडी घेऊन जाणारे आपल्यात बरेच आहेत. डांबर संपल्यावर पुढे मुरूम, खडी, चिखल लागतो आणि गाडीत मुलं असतात.

शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गॅरेजमध्ये सगळे शॉकअपच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

आधी एक प्रयोग करून बघा, घरी किंवा वर्गात. केसांना लावायचे चार-पाच रबर एकमेकांत अडकवून साखळी करा आणि खाली एक दगड बांधा. दगड ओढून सोडला की तो वर-खाली, वर-खाली बराच वेळ नाचत राहतो. आता तोच दगड पाण्याच्या बादलीत बुडवून ओढा आणि सोडा. दोन-तीन हेलकाव्यांत शांत. रबर म्हणजे स्प्रिंग, बादलीतलं पाणी म्हणजे शॉकअप. दगडाचं वजन दोन्ही वेळा रबरानेच पेललं, हे मुलांना मुद्दाम दाखवा. पाण्याने फक्त त्याचं नाचणं थांबवलं.

गाडीतही तसंच असतं. गाडीचं वजन पेलायचं आणि खड्ड्याचा दणका आधी झेलायचा, हे काम स्प्रिंगचं किंवा पाट्यांचं. पण स्प्रिंग दाबली की ती उसळणार, उसळली की पुन्हा दाबली जाणार. ही उसळी मारून टाकणं हे शॉकअपचं काम. म्हणून गाडी मागून बसली असेल तर शॉकअप बदलून ती वर येत नाही. आमची पहिली चूक नेमकी इथेच झाली. ती पुढे सांगते.

दुसरा प्रयोग सिरिंजचा. मेडिकलमधून वीस मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई नको. तिच्यात गोडंतेल भरा आणि दट्ट्या हळू दाबा. तेल निवांत बाहेर येतं. आता जोरात दाबा. अंगठा दुखतो, पण दट्ट्या हलायला तयार नसतो. शॉकअपच्या आत हेच चालतं. एक दांडा, त्याच्या टोकाला दट्ट्या, दट्ट्यात बारीक छिद्रं आणि झडपा, भोवती तेल. चाक जितक्या वेगाने वर-खाली होईल तितका विरोध जास्त. (खोबरेल तेल घेतलंत तर थंडीत ते गोठेल. तापमानाने तेलाचा जाडपणा बदलतो, हा धडा मग फुकट मिळतो.)

आता उसळीची ऊर्जा जाते कुठे? ती उष्णता होते. ब्रेक जसा तापतो तसा शॉकअपही तापतो. हिशोब सोपा आहे, सातवी-आठवीची मुलं करतील. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी चार सेंटिमीटर खाली आदळली, तर दोन हजार गुणिले ९.८ गुणिले ०.०४, म्हणजे साधारण ७८४ ज्यूल. एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ८४० ज्यूल लागतात. म्हणजे एका दणक्याला पेलाभर पाणी जवळजवळ एक अंशाने तापेल. थोडी उष्णता टायरमध्ये आणि रबरी बुशांतही जाते, पण मोठा वाटा चार शॉकअपच उचलतात. घोडबंदर रोडवर एखादा खड्डा चुकून लागला तर काहीच बिघडत नाही. मुरमाच्या रस्त्यावर असे दणके थांबतच नाहीत. तेल तापतं, पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस होतो. सिरिंजमध्ये तेलाऐवजी साबणाचा फेस भरून दट्ट्या दाबून बघा, सहज आत जातो. तापलेल्या, फेसाळलेल्या शॉकअपची अवस्था तशीच होते. गाडी निघाली तेव्हा छान होती आणि तासाभराने होडीसारखी डोलायला लागली, असा अनुभव कुणाला असेल तर कारण बहुतेक हेच. शॉकअप थंड झाला की पुन्हा बरा वागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये नेल्यावर दोष सापडत नाही.

आता आमची गोष्ट. आमचं गाव मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे. मुलुंडहून नाशिक महामार्गाने कसाऱ्यापर्यंत जायचं, तिथून विहीगाववरून खोडाळा. शेवटचे काही किलोमीटर मुरमाचे. गाडी जुनी बोलेरो, सेकंडहँड घेतलेली. बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. सात माणसं आणि गावाहून येताना तांदळाची पोती, यामुळे गाडी मागून बसली होती आणि खड्ड्यात धाडकन आदळायची. एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "पाटे-बिटे राहू द्या, सगळ्यात कडक शॉकअप टाका, विषय संपला." आम्हीही टाकले. कडक म्हणजे मजबूत असं आपल्याला आपोआप वाटतं, लाकडासारखं.

शहरात गाडी ताठ वाटायला लागली. नवरा खूश. दिवाळीनंतर गावी गेलो. पावसाळा संपून मुरूम सुकला होता आणि रस्त्यावर आडव्या सरी पडल्या होत्या, कपडे धुवायच्या फळीवर असतात तशा. एका डाव्या वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक उजवीकडे सरकला. वेग फार नव्हता. स्टिअरिंग वळलेलं होतं, ब्रेकही दाबला होता, पण मागची चाकं जमिनीला धरतच नव्हती. उजवीकडे उतार होता. करवंदीच्या जाळीपाशी गाडी थांबली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "उतरा सगळे." आम्ही उतरलो आणि उरलेला रस्ता मुलांना चालत नेलं.

हे का झालं ते मुलुंडच्या एका जुन्या मेकॅनिकने समजावलं, आणि मला वाटतं खराब रस्त्यासाठी शॉकअप निवडण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

शॉकअप दोन दिशांना काम करतो. चाक वर येताना दाबला जातो, चाक खाली जाताना ताणला जातो. ताणतानाचा विरोध सहसा जास्त ठेवलेला असतो, कारण दाबलेल्या स्प्रिंगची ताकद तेव्हा मोकळी होत असते. पण तो प्रमाणाबाहेर जास्त असला तर सरीवरून उतरलेलं चाक पुन्हा जमिनीवर टेकायच्या आत पुढची सर येते. चाक आणखी वर ढकललं जातं. असं दहा-वीस सरींवर झालं की मागची बाजू हळूहळू खाली बसत जाते, स्प्रिंगला हलायला जागाच उरत नाही आणि चाकं सरींच्या माथ्यांवरून नुसती उड्या मारतात. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. आमचे पाटे आधीच थकलेले, एक तर तुटलेला निघाला. त्या ढिल्या पाट्यांवर कडक शॉकअप. पाटा चाक खाली ढकलायला कमी पडत होता आणि शॉकअप त्याला अडवत होता. मेकॅनिक म्हणाला, "ताई, शॉकअप चांगलाच होता, पण तुमच्या पाट्याच्या ताकदीचा नव्हता."

म्हणून खरेदीला जाण्याआधी पहिला प्रश्न स्प्रिंगचा. गाडी सपाट जागी उभी करा. पुढची-मागची उंची, डावी-उजवी बाजू बघा. बसली असेल तर आधी पाट्यांना बाक देऊन घ्या, तुटलेला बदला, कॉइल असेल तर नवी टाका. नेहमी जेवढी माणसं आणि सामान असतं तेवढं वजन दुकानदाराला सांगा, रिकाम्या गाडीचं नको. शॉकअप स्प्रिंगला जुळला पाहिजे. पाट्यांमध्ये एकमेकांवर घासून थोडी उसळी आपोआप मरते, कॉइलमध्ये ते जवळजवळ नसतंच, त्यामुळे कॉइलची गाडी शॉकअपवर जास्त अवलंबून असते. जुन्या जिप्सीला चारही चाकांना पाटे होते आणि आताच्या थारला पुढे-मागे कॉइल आहेत, तेव्हा एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

दुसरा प्रश्न लांबीचा. काही जण गाडी उंच करून घेतात आणि शॉकअप जुनेच ठेवतात. मग चाक खाली लोंबकळलं की सगळा झटका शॉकअपच्या दांड्यावर येतो आणि तो निखळतो किंवा त्याची आयाळ तुटते. (आयाळ म्हणजे वरच्या-खालच्या टोकाची कडी, आमच्या गॅरेजवाल्याचा शब्द.) उलट, लांब शॉकअप बसवला तर गाडी पूर्ण दबताना रबरी बंप स्टॉपला टेकण्याआधीच शॉकअप आतून आपटतो. दबलेली लांबी आणि ताणलेली लांबी, दोन्ही मापं जुळवून घ्यायची. उंची वाढवलेली नसेल तर कंपनीच्या मापाचेच घ्या, डोक्याला ताप नाही.

तिसरा प्रश्न आतल्या रचनेचा. जाहिराती यावरच जास्त बोलतात.

साधा प्रकार म्हणजे एकात एक दोन नळ्या. आतल्या नळीत दट्ट्या चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडी हवा. बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी आतला दट्ट्या बहुतेक वेळा चालू राहतो. किंमतही कमी. दोष असा की तेल दोन नळ्यांच्या आत असल्यामुळे थंड व्हायला वेळ लागतो, आणि हवा असल्यामुळे फेस होतो. यावर उपाय म्हणजे हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरणं. तेलावर दाब राहिला की फेस लवकर होत नाही. दुकानात 'गॅस शॉकअप' म्हणतात तो बहुतेक हाच. नावावरून गैरसमज होतो. गॅसच्या आधारावर गाडी उभी राहत नाही, काम तेलच करतं.

दुसरा प्रकार एकाच नळीचा. तळाशी जास्त दाबाचा नायट्रोजन, मध्ये एक तरंगता दट्ट्या, वर तेल. तेल आणि वायू एकमेकांना भेटतच नाहीत आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते. खराब रस्त्यावर तासन्‌तास चालवणाऱ्यांना हा चांगला. पण भिंत एकच असते. टायरने उडवलेला दगड लागून तिच्यावर पोचा पडला की दट्ट्या अडकतो, शॉकअप संपला. शिवाय महाग. शर्यतीच्या गाड्यांना तेलाची वेगळी डबी जोडलेले शॉकअप असतात. जास्त तेल म्हणजे तापायला जास्त वेळ, एवढंच त्यामागचं गणित. ऑस्ट्रेलियात वायूच्या जागी बंद छिद्रांचा फोम ठेवलेले जाड शॉकअपही वापरतात.

ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं कारण तिथे हा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. बर्ड्सव्हिल ट्रॅक हा मारी ते बर्ड्सव्हिल रस्ता ५१७ किलोमीटर आहे, बहुतेक कच्चा. आमच्या गावच्या मुरमावर पडल्या तशाच सरी तिथे मैलोन्‌मैल असतात. दोन सरींत पाऊण मीटर अंतर धरलं आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने गेली, तर चाकाला सेकंदाला पंधरा धक्के बसतात. या सरी पडतात कशा, यावर २००७ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळू पसरली आणि तिच्यावर एक चाक टेकवलं. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहिली, त्याच्या वर सरी उठल्या. चाकाला स्प्रिंग असायलाच हवी असंही नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी कुणी शोधत असेल तर हा प्रयोग करण्यासारखा आहे.

'सरींवरून जोरात नेलं की लागत नाही,' असं तिथलेही म्हणतात आणि आपले जीपवालेही म्हणतात. लागत नाही हे खरं, कारण चाक फक्त माथ्यांना टेकत जातं. म्हणजेच अर्धा वेळ जमिनीवर नसतं. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ते खपून जाईल, पण सह्याद्रीत दर शंभर मीटरला वळण आहे.

आम्ही शेवटी काय घेतलं? पाटे दुरुस्त केले आणि मागे दोन नळ्यांचे, कमी दाबाच्या नायट्रोजनचे, कंपनीच्याच मापाचे साधे शॉकअप घातले. एका नळीचे घ्यायचा मोह झाला होता. पण आमचा कच्चा रस्ता थोडाच, त्यावर दगड भरपूर आणि वेग कमी. महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या घरगुती गाडीला माझ्या मते एवढं पुरतं. तुम्ही दर रविवारी डोंगरात गाडी घालणारे असाल तर हिशोब वेगळा.

छोट्या गाडीवाल्या पालकांसाठी एक गोष्ट. बहुतेक हॅचबॅकना पुढे स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, आणि चाकही त्याच्याच आधाराने उभं असतं. तो बदलला की व्हील अलाइनमेंट करून घ्यावंच लागतं. आणि स्प्रिंग दाबलेली असते, ती योग्य अवजाराशिवाय सोडवणं जिवावर बेतू शकतं. घरी खोलू नका.

खरेदी करताना एका ॲक्सलची जोडी एकदमच बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. रस्त्याकडेला जुना शॉकअप कापून, तेल भरून, वेल्डिंग करून देतात. स्वस्त पडतो, पण आत कुठलं तेल आहे, झडपा कशा आहेत, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. बसवताना बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मुलुंडकरांसाठी एक मजा. १९६१ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडिया या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आपल्या मुलुंडलाच, लालबहादूर शास्त्री मार्गावर होता. मी हे वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "माझे आजोबा तिथेच होते!" दुसऱ्या दिवशी आजोबांनी एक जुना दांडा पाठवून दिला. गॅब्रिएल हे नाव अमेरिकेतून आलं. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने आधी गाड्यांचा भोंगा बनवला आणि त्याला तुतारी वाजवणाऱ्या देवदूताचं नाव दिलं. नंतर त्याच नावाने गाडीची उसळी आवरणारं, पट्टा गुंडाळलेलं एक साधन विकलं. मुलांना भोंग्याची गोष्ट शॉकअपपेक्षा जास्त आवडली, हे कबूल करते.

जुने शॉकअप तपासायचे असतील तर गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवा. नाचत राहिला तर शॉकअप गेला. मात्र नाचला नाही म्हणजे चांगलाच आहे असं नाही, कारण हाताचा वेग खड्ड्याएवढा नसतो. नळीवर तेलाचा ओघळ दिसतो का बघा. दांड्यापाशी किंचित ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही. टायरवर तळहात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल तर चाक उड्या मारत होतं.

सगळ्यात उपयोगी तपासणी आम्हाला गावातल्या जीपवाल्या दादांनी शिकवली. कच्चा रस्ता संपला की थांबायचं आणि चारही शॉकअपजवळ हाताची मागची बाजू न्यायची. आधी लांबूनच अंदाज घ्या, चटका बसण्याइतके तापलेले असू शकतात. सगळे तापलेले असतील तर सगळे काम करताहेत. जो गार आहे तो काम करत नाही. तेवढ्या थांब्यात ते निवतातही. कच्च्यावर उतरताना टायरमधली हवा चार-पाच पीएसआय कमी केली आणि वेग कमी ठेवला तर शॉकअपचा बराच ताण टायरच घेतो. महामार्गावर येण्याआधी मात्र हवा पुन्हा भरा. कमी हवेवर वेगाने गेलं की टायर तापून फुटू शकतो.

त्या मुलाला मी नंतर रबर, दगड आणि बादली घेऊन उत्तर दिलं. "म्हणजे शॉकअप धक्का खात नाही, उडी खातो," तो म्हणाला. आता गावी जाताना विहीगावच्या पुढे थांबलो की माझी दोन्ही मुलं आधी उतरून चाकांपाशी वाकतात. मागच्या खेपेला मागचे दोन्ही सारखेच गरम होते, पुढचा डावा जरा गार लागला. शनिवारची शाळा सुटली की गाडी मेकॅनिककडे न्यायची आहे.